मॅच कुठे दिसणार? केबल, डिश आणि ॲपच्या गुंत्यात पहिल्यांदा पडणाऱ्यांसाठी

'इंडियाची मॅच' या नावाची एकच एक वस्तू बाजारात मिळत नाही. हे एकदा लक्षात आलं की केबलवाल्याशी होणारी निम्मी भांडणं वाचतात. सामन्याचं प्रक्षेपण विकण्याचा हक्क साधारणपणे यजमान मंडळाकडे असतो. सामना भारतात असेल तर बीसीसीआय, इंग्लंडात असेल तर तिथलं ईसीबी, विश्वचषक असेल तर आयसीसी आणि आशिया चषक असेल तर आशियाई क्रिकेट परिषद. यातला प्रत्येक जण आपापल्या वेळापत्रकाने लिलाव करतो, कधी टीव्ही आणि मोबाईल वेगवेगळ्या कंपन्यांना विकतो, आणि आपण मात्र सोफ्यावर बसून रिमोट बडवत राहतो.

पहिल्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेतलेली मुलं, नव्या फ्लॅटमध्ये गेलेली कुटुंबं, गावाकडच्या आईबाबांसाठी टीव्ही लावून देणारे, अशा सगळ्यांसाठी हे टिपण आहे. वर्षभराचं भलंमोठं पॅक डोळे झाकून घ्यायचं नाही. दौरा बघायचा आणि त्या दौऱ्यापुरतं चॅनल घ्यायचं. पुढचं सगळं याच धोरणावर उभं आहे.

पहिली पायरी : सामना कोणाच्या अंगणात आहे?

भारतातल्या मालिकांचे हक्क ऑगस्ट 2023 मध्ये वायकॉम18ने 5,963 कोटी रुपयांना घेतले. 88 सामने, मुदत मार्च 2028पर्यंत. आयपीएलचा लिलाव त्याआधी, जून 2022 मध्ये झाला होता आणि 2023 ते 2027 या पाच हंगामांचे एकूण 48,390 कोटी आले. सामन्यामागे सुमारे 118 कोटी! तेव्हा टीव्ही गेला डिस्ने स्टारकडे आणि मोबाईल वायकॉम18कडे. म्हणजे एकच स्पर्धा, दोन कट्टर प्रतिस्पर्धी, आणि मोबाईलवर 2023चा अख्खा हंगाम फुकट. प्रेक्षकाची चंगळ होती ती. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन जिओस्टार झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये दोन ॲपचं मिळून जिओहॉटस्टार झालं, आणि फुकटचे दिवस संपले. स्पोर्ट्स18 नावाची चॅनलही त्याच सुमारास स्टार स्पोर्ट्सच्या नावाखाली गेली, त्यामुळे जुन्या यादीत ती शोधत बसू नका.

आज चित्र ढोबळमानाने असं : भारतातले सामने, आयपीएल, महिलांची डब्ल्यूपीएल, आयसीसीच्या 2027पर्यंतच्या स्पर्धा आणि ऑस्ट्रेलियातले दौरे टीव्हीवर स्टार स्पोर्ट्सकडे, मोबाईलवर जिओहॉटस्टारकडे. आशिया चषक 2031पर्यंत सोनीकडे. न्यूझीलंडमधले दौरेही सोनीकडे.

आता खरी गंमत. 2025च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडात पाच कसोटी खेळला तेव्हा टीव्हीवर सोनी होतं आणि मोबाईलवर जिओहॉटस्टार. ज्यांनी सोनी लिव्ह ॲपचे पैसे भरले त्यांना कसोटी दिसेना, आणि ज्यांच्याकडे केबलवर फक्त स्टारचं पॅक होतं त्यांनाही दिसेना. 2022च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात तर टीव्हीवर डीडी स्पोर्ट्स आणि मोबाईलवर फॅनकोड ॲप असा जोडा होता. 'मागच्या वेळी इथेच लागली होती' हा युक्तिवाद या धंद्यात चालत नाही.

म्हणून दौरा जाहीर झाला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : टीव्हीवर कोण आणि मोबाईलवर कोण? उत्तर केबलवाल्याला विचारू नका, त्याला त्याचा चॅनल नंबर ठाऊक असतो, हक्कांचा हिशेब नाही. मालिका सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर 'कधी, कुठे पाहाल' अशी चौकट येते. ती आणि त्या कंपनीची स्वतःची जाहिरात, एवढं पुरतं.

दुसरी पायरी : बिल वाचायला शिका

केबल किंवा डीटीएचच्या बिलाचे तीन भाग असतात. पहिला, नेटवर्कचं भाडं, ज्याला बिलात एनसीएफ म्हणतात. दुसरा, तुम्ही निवडलेल्या सशुल्क चॅनलची किंवा पॅकची किंमत. तिसरा, या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

ही रचना ट्रायने, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेने, 2019च्या फेब्रुवारीपासून लागू केली. त्याआधी केबलवाला सांगेल तो आकडा आणि तो देईल ती चॅनल, असा एकूण कारभार होता. सुरुवातीला एनसीएफला 130 रुपयांची कमाल मर्यादा होती. जुलै 2024 मध्ये ती मर्यादा ट्रायने काढून टाकली, आता प्रत्येक कंपनी आपला आकडा ठरवते आणि तो जाहीर करणं तिच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे शेजारच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीची केबल असेल तर तिचं भाडं विचारून घ्यायला लाजू नका.

चॅनलच्या बाबतीत 19 हा आकडा लक्षात ठेवा. कंपनीला एखादं चॅनल पॅकमध्ये घालून विकायचं असेल तर त्याची सुटी किंमत महिन्याला 19 रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. खेळाची लोकप्रिय चॅनल नेमकी या 19च्या खांबाला टेकलेली असतात. आता साधा हिशेब मांडू. एनसीएफ 130 धरा, स्टारचं एक चॅनल 19, सोनीचं एक 19. झाले 168. त्यावर जीएसटी 30 रुपये 24 पैसे. एकूण 198 रुपये 24 पैसे. दोनशेच्या आत क्रिकेट आणि सोबत दूरदर्शनसकट मोफत चॅनलचा ढीग. मग तुमच्याकडून साडेतीनशे-चारशे का घेतले जातात? कारण पॅकमध्ये तुम्ही कधीच न बघणारी तीस-चाळीस चॅनल असतात. घरात मालिका बघणारं कोणी असेल तर पॅक परवडतं, हेही खरं. सासूबाई आणि क्रिकेट दोघांनाही सांभाळायचं असेल तर आधी मराठी पॅक घ्या आणि खेळाचं चॅनल सुटं जोडा.

यात एक फट आहे, तिथे पैसे गळतात. तोच सामना, त्याच वेळी, चार चॅनलवर चालू असतो : इंग्रजी, हिंदी, आणि या दोन्हींची एचडी रूपं. वेगवेगळी पॅक आणि सुटी चॅनल मिळून यातली एकाहून जास्त तुमच्या बिलात आली की ती सगळी मोजली जातात. टीव्ही एचडी असेल आणि डबाही (सेट-टॉप बॉक्स) एचडी असेल तर एचडी ठेवा आणि साधं काढून टाकायला सांगा. डबा साधा असेल तर एचडीचे पैसे भरणं म्हणजे शुद्ध दानधर्म. एका भाषेवर भागवा. हिंदीत ऐकायचं असेल तर स्टार स्पोर्ट्स 1 हिंदी आणि सोनी स्पोर्ट्स टेन 3, ही दोन नावं लिहून ठेवा. मराठीतून ऐकायची हौस असेल तर मोबाईलकडे वळा. आयपीएलचं मराठी समालोचन 2023 मध्ये वायकॉम18च्या तेव्हाच्या जिओसिनेमा ॲपवर होतं. केदार जाधव तेव्हा मराठीतून समालोचन करत होता, आणि हंगामाच्या मधेच बंगळुरूच्या संघाने त्याला माईक सोडून खेळायला बोलावून घेतलं. समालोचकाच्या खुर्चीतून थेट संघात! असं भाग्य आपल्याला लाभणार नाही, पण ॲपच्या भाषेच्या यादीत मराठी आहे का, हे जरूर बघा.

तिसरी पायरी : केबलवाल्या दादांशी बोलणं

हा संवाद घराघरांत असाच होतो.

'दादा, मला फक्त स्टार स्पोर्ट्स 1 हिंदी आणि सोनी टेन 3 पाहिजे. बाकी खेळाचं काही नको.'

'अहो ताई, असं सुटं कोण घेतं? साडेतीनशेचं पॅक घ्या ना, सगळं येतं त्यात.'

इथे आवाज चढवू नका. सुटं चॅनल मागणं हा तुमचा हक्क आहे आणि 'सुटं मिळत नाही' हे खरं नाही. शांतपणे म्हणा, 'दादा, माझ्या नावावर आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी व्हॉट्सॲपवर टाका, मी त्यातलं काय ठेवायचं ते सांगते.' यादी आली की खेळ पालटतो. बऱ्याच डब्यांवर 999 नंबरला चॅनलच्या किमतींची माहिती लागते. ट्रायचं चॅनल निवडायचं ॲपही आहे, त्यात आपला पॅक आणि त्याची किंमत दिसते. ही दोन्ही आधी बघून मग बोलायला जा.

पावती घ्या. महिन्याला यूपीआयने पैसे देता आणि पावती कधीच येत नाही, हा प्रकार सर्रास चालतो. पावतीशिवाय पुढे तक्रारीत काही उरत नाही.

आणि दादांवरचा राग थोडा कमी करा. 19 रुपयांच्या चॅनलमधला मोठा वाटा वर प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीकडे जातो. वितरणासाठी त्यातले किमान 20 टक्के द्यावे लागतात, तेही केबलच्या मोठ्या कंपनीला. गल्लीतला माणूस मुख्यतः नेटवर्कच्या भाड्यातल्या हिश्श्यावर जगतो, पावसात खांबावर चढतो, आणि आयपीएलचे हक्क किती हजार कोटींना गेले यात त्याचा काडीचाही संबंध नसतो. ॲपमुळे त्याची गिऱ्हाइकं दर महिन्याला गळतायत. त्यामुळे नीट बोललं तर तो अडून बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

फ्री डिश, आणि दूरदर्शनचं कोडं

गावाकडे राहणाऱ्यांसाठी किंवा ज्यांना फक्त भारताचे सामने बघायचे आहेत त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश हा सर्वांत स्वस्त मार्ग. छत्री आणि डबा यांचा एकदाच खर्च, पुढे महिन्याचं काही नाही. छत्री जीसॅट-15 या उपग्रहाकडे, म्हणजे 93.5 अंश पूर्वेकडे रोखलेली असावी लागते. तालुक्याच्या गावचा कुठलाही डिशवाला हे काम करतो. मुसळधार पावसात चित्र जातं, त्याला इलाज नाही.

पण डीडी स्पोर्ट्स तर केबलवरही आहे, मग फ्री डिश कशाला? हाच प्रश्न दर मालिकेला विचारला जातो. केबलवर डीडी स्पोर्ट्स लावावं तर तिथे कुठल्याशा जुन्या कबड्डीच्या स्पर्धेचं पुनःप्रक्षेपण, आणि त्याच वेळी फ्री डिशवाल्या मामाच्या घरी रोहित शर्मा फलंदाजी करतोय. केबलवाल्याने काही खोडसाळपणा केलेला नाही. यामागे जुनी भांडणं आहेत, आणि ती कळल्याशिवाय हे कोडं सुटत नाही.

1993च्या हिरो कप स्पर्धेवेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला प्रक्षेपण दिलं आणि दूरदर्शनशी जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 1995 मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. खासगी क्रीडा चॅनलना रान मोकळं झालं ते तिथून. मग उलटी तक्रार सुरू झाली, की ज्यांच्याकडे केबल नाही त्यांनी काय करायचं? जानेवारी 2007 मध्ये नागपुरात वेस्ट इंडिजविरुद्धची एकदिवसीय मालिका सुरू झाली तेव्हा हक्क निंबस या कंपनीकडे होते, चॅनल होतं निओ स्पोर्ट्स, आणि दूरदर्शनला सामना द्यायचा की नाही यावरून पुन्हा कोर्ट. सात मिनिटं उशिराने दाखवा, अशी तोड तेव्हा निघाली होती. त्या भांडणातून त्याच वर्षी कायदा आला : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण खासगी चॅनलने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न 75 टक्के हक्कधारकाला, 25 टक्के प्रसार भारतीला.

या महत्त्वाच्या सामन्यांच्या सरकारी यादीत भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-20 सामने आहेत, कसोटी मात्र सरकारला महत्त्वाच्या वाटतील त्याच. ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धाही आहेत. आयपीएल नाही.

कोड्याचा शेवटचा तुकडा ऑगस्ट 2017चा. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे मिळालेलं चित्रण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या) प्रक्षेपणातून आणि फ्री डिशवरून दाखवायचं. खासगी केबल आणि डीटीएचवर डीडीचं चॅनल सक्तीने असतं, पण त्या वाटेने सामना गेला तर पैसे मोजलेल्या कंपनीचं चॅनल कोण घेणार? कंपन्यांचं म्हणणं कायद्याला धरून असेल. पण ज्या घरात महिन्याला तीनशे रुपये देऊन डीडी स्पोर्ट्सवर जुनी कबड्डी दिसते आणि फुकटवाल्याला थेट क्रिकेट, त्या घराने चिडू नये तर काय करावं? मला तरी यात न्याय दिसत नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर : फक्त भारताचे एकदिवसीय आणि टी-20 बघणाऱ्या घरात फ्री डिश पुरते. परदेशात दौरा असेल तर त्या मालिकेपुरती खात्री करून घ्या. आयपीएल आणि बहुतेक कसोटींसाठी दुसरी सोय लागेलच.

मोबाईल आणि स्मार्ट टीव्ही

ॲपचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. सर्वांत स्वस्त योजना बहुतेकदा फक्त मोबाईलसाठी असते, ती टीव्हीवर चालत नाही. घरातल्या चौघांनी एकाच वेळी चार ठिकाणी लावायचं असेल तर किती उपकरणांना परवानगी आहे ते वाचा. आणि रिचार्जसोबत मिळालेलं सदस्यत्व कधी संपतं ती तारीख कॅलेंडरात टाका. तीन महिन्यांचं सदस्यत्व जानेवारीत सुरू केलं तर ते आयपीएलच्या भर मोसमात संपणार, हे गणित कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

मालिका संपली की यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगी रद्द करा. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे पैसे कापले जाणं थांबत नाही.

इंटरनेटवरचं चित्र केबलपेक्षा मागे असतं, कधी पाच-दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट. शेजारचे ओरडले की तुम्हाला कळतं विकेट गेली, आणि तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून मिशा पुसत उभा असतो. यावर उपाय एकच : सामन्याच्या वेळी व्हॉट्सॲप गट आणि धावफलकाच्या सूचना बंद ठेवा. शेजाऱ्यांचं काही करता येत नाही. मोबाईल डेटावर बघत असाल तर एचडीत तासाला दीड-दोन जीबी सहज जातात, कसोटीच्या दिवशी याचं भान ठेवा.

टेलिग्रामवरच्या फुकट लिंका आणि महिना शंभर रुपयांत जगातली सगळी चॅनल देणारे डबे यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहेत, मोठ्या स्पर्धांआधी न्यायालयं अशा साइट बंद करायचे आदेश देतात, आणि त्या लिंकांवर सट्ट्याच्या जाहिराती आणि फोनमध्ये शिरणारी घाण असते. नेमकी शेवटच्या षटकात लिंक मरते, हा वेगळाच ताप.

क्रिकेटपलीकडे

प्रो कबड्डी स्टार आणि जिओहॉटस्टारवर. इंग्लिश प्रीमियर लीगही तिथेच, चॅम्पियन्स लीग मात्र सोनीवर, त्यामुळे फुटबॉलवाल्यांना दोन्ही ठेवावी लागतात आणि झोपही मोडावी लागते. टेनिसमध्ये विम्बल्डन स्टारकडे, फ्रेंच ओपन सोनीकडे. फॉर्म्युला वन 2024पासून फॅनकोडवर, म्हणजे ते स्टार-सोनीवर शोधू नका. रणजीचे मोजकेच सामने दाखवतात. तुमच्या जिल्ह्याचा पोरगा खेळत असेल तर सामना दाखवणार का हे आदल्या दिवशी बघा, नाहीतर बीसीसीआयच्या साइटवरचा धावफलक.

चॅनल अचानक गेलं तर

फेब्रुवारी 2023 मध्ये दरांवरून वाद पेटला आणि मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांनी करार न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. केबलवाल्यांच्या संघटनेने तेव्हा साडेचार कोटी घरांचा आकडा सांगितला होता. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू असतानाचे ते दिवस. असं पुन्हा होऊ शकतं. नियमाने सिग्नल तोडण्याआधी तीन आठवड्यांची नोटीस द्यावी लागते आणि पडद्यावर तशी पट्टी फिरते. ती पट्टी दिसली की वाट बघत बसू नका, त्या मालिकेपुरतं ॲप तयार ठेवा.

एकट्या तुमच्या घरचं चॅनल गेलं असेल तर आधी गल्लीतल्या दादांना फोन, मग डब्यावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या ग्राहक सेवेला. तिथे तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या माणसाकडे जा, त्याचा पत्ता कंपनीच्या साइटवर असावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका. नोडल अधिकाऱ्यानेही टोलवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. पावती, तक्रार नंबर आणि यादीचा व्हॉट्सॲप संदेश जवळ असेल तर हा फोन दहा मिनिटांत होतो.

परदेशात गेलेल्यांना यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. भारतातलं सदस्यत्व तिथे चालत नाही, कारण हक्क देशागणिक विकले जातात. अमेरिकेत आणि कॅनडात क्रिकेटसाठी विलो नावाचं चॅनल घ्यावं लागतं, ब्रिटनमध्ये बरंचसं स्काय स्पोर्ट्सवर असतं. सुट्टीवर घरी येणार असाल तर तिथलं सदस्यत्व तेवढे दिवस थांबवता येतं का, ते निघण्याआधी विचारून घ्या.